महायुद्धकालीन नाणी : मोल कशावर ठरते?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश भारताच्या नाण्यांतील धातू झपाट्याने बदलला. म्हैसूर संस्थानात स्वतंत्र नाणी पाडणे एकोणिसाव्या शतकातच थांबले होते. त्यामुळे सोसलेसारख्या गावांतही हीच नाणी चालत. आज अनेक घरांत ती जपून ठेवलेली आढळतात. मात्र त्यांचे मोल केवळ वयावर ठरत नाही.

युद्धापूर्वी ११.६६ ग्रॅम वजनाच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. युद्धकाळात चांदीची साठेबाजी वाढली व टंचाई भासू लागली. परिणामी १९४० मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले गेले. उर्वरित भागात ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त होते. बनावटगिरी रोखण्यासाठी रुपयाच्या कडेला सुरक्षा खाच देण्यात आली. तांबे वाचविण्यासाठी १९४३ मध्ये मध्यभागी छिद्र असलेला 'भोकाचा पैसा' निघाला. वाढती मागणी भागविण्यासाठी मुंबई व कलकत्त्याच्या जोडीला लाहोर येथेही टांकसाळ सुरू झाली. तेथील रुपयावर 'एल' ही खूण आढळते.

भोकाचा पैसा प्रचंड संख्येने पाडला गेल्याने सामान्य स्थितीतील नाण्याला किरकोळच किंमत मिळते. ५० टक्के चांदीच्या झिजलेल्या रुपयाचे मोल प्रामुख्याने त्यातील सुमारे ५.८ ग्रॅम चांदीइतके असते. याउलट जुन्या प्रमाणाच्या चांदीचा १९३९ चा रुपया अत्यंत दुर्मीळ असून संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. त्यामुळेच त्याच्या बनावट प्रतीही बाजारात येतात. तज्ज्ञाकडून तपासणी झाल्याविना व्यवहार करणे धोक्याचे ठरते.

वर्ष, टांकसाळीची खूण, उपलब्ध संख्या आणि स्थिती हे मूल्यनिश्चितीचे प्रमुख निकष आहेत. नाणे चिंच वा लिंबाने घासल्यास मूळ पृष्ठभाग नष्ट होऊन किंमत घटते.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवून आधी शुल्क, कमिशन किंवा कर उकळण्याचे प्रकारही घडतात. अशा व्यवहारांशी आपला संबंध नसून त्यासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. विक्री करणाऱ्याकडेच आगाऊ पैसे मागितले जात असल्यास तो व्यवहार तेथेच थांबविणे हिताचे.