फणसोंब्याची ओळख

कोकणात अळंबी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती श्रावणात वारुळावर उगवणारी, भाजीची. लाकडावरच्या अळंब्याला आमच्याकडे कुणी हात लावत नसे. अपवाद एकच, तोही स्वयंपाकघराबाहेरचा. जुन्या फणसाच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखा चिकटून वाढणारा फणसोंबा. माझ्या वडिलांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. वेखंड, मुरडशेंग, मायफळ यांच्या शेजारच्या डब्यात त्याचे तपकिरी, टणक तुकडे असत. तान्ह्याचं तोंड आलं की घरची म्हातारी माणसं तो सहाणेवर उगाळून बोटाने आतून लावत.

दुकानात माल येई तेव्हा वडील एकच प्रश्न विचारीत, “फणसाचाच ना?” आणणारा माणूस मग कुणाच्या आगरातला, कुठल्या झाडाचा ते सांगे. व्यापाराची सगळी पारख एवढ्यावर उभी होती.

हा घरगुती वापर छापील ग्रंथांत शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. विल्यम डायमॉक हे मुंबई सरकारच्या औषधी कोठाराचे अधिकारी. बाजारात विकली जाणारी वनौषधी ते बारकाईने टिपून ठेवत. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी १८९० ते १८९३ दरम्यान ‘फार्माकोग्राफिया इंडिका’चे तीन खंड काढले. त्यात फणसावरच्या या बुरशीलाही जागा मिळाली. युनानी हकिमांचं गारीकून हेही झाडावरचंच अळंबं, पण थंड मुलखातल्या लार्च वृक्षावरचं. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसच्या ग्रंथापासून त्याची कीर्ती चालत आलेली. ते झाड इथल्या गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलं नसे. तुकडा पांढरा, हलका, ठिसूळ आणि जहर कडू आहे ना, एवढंच बघता येई. फणसोंब्याचं झाड मात्र परसातच असल्यामुळे तुकडा निरखायची गरज कुणाला वाटली नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी तुकडाच निरखला. लिनिअसने १७५३ साली खाली छिद्रं असलेली अळंबी एका गटात आणि पात्या असलेली दुसऱ्या गटात घातली. तो छिद्रांचा गट पुढे फुटत गेला. १८८६ मध्ये केले नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने फेलिनस ही प्रजाती वेगळी काढली आणि आपला फणसोंबा पुढे त्या गोतावळ्यात गणला गेला. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांना तो उलटा करून दाखवत असे. खाली सुईच्या टोकाएवढी दाट छिद्रं. उभा चिरला की आत गंजाच्या रंगाचा गर आणि नळ्यांचे एकावर एक थर, कारण हे अळंबं बरीच वर्षं जगतं आणि जुन्या थराखाली नवा थर धरतं. गरावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की तो भाग काळा पडतो. पाठ चकचकीत, लाखेचा हात दिल्यासारखी निघाली, तर बहुधा तो गॅनोडर्मा. तोही खोडावरच येतो.

   

शास्त्राने झाडाचं नाव टाकून दिलं, असं मात्र नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरश्यांचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहांत नमुन्यासोबत तो कुठे आणि कुठल्या झाडावर मिळाला, हे लिहून ठेवण्याची शिस्त असते. वडिलांचा प्रश्न तिथेही पहिल्या रांगेतलाच. फक्त एकाच फणसावर वेगवेगळ्या बुरश्या येऊ शकतात, म्हणून तो एकटा पुरत नाही.

आता माल चार हात फिरून, फोडून, पिशवीत भरून येतो. आगराचा पत्ता गेला, आणि छिद्रं नि थर दिसतील एवढा तुकडाही उरला नाही. उगाळल्यावर तपकिरी गंध निघतं, पण तसं ते अनेक लाकडांचंही निघतं. बाळाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला एवढी ओळख पुरेशी नाही; अशी पिशवी मी घरात घेत नाही.