मांजराचे पिल्लू उंबरठा ओलांडते तेव्हा...

घरात वाढलेल्या पिल्लाला बाहेरचे जग दाखवायचे, तर आधी त्याला घरी परतणे शिकवावे लागते. शहरी वस्तीत हे कसे साधावे, याविषयी...

दिवेलागणीची वेळ. सोसायटीच्या वाहनतळावर कोणी तरी स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवीत, 'मनी, मनी' अशा हाका मारीत, गाड्यांखाली वाकून पाहत असते. दुपारी दार उघडे राहिले आणि चार महिन्यांचे पिल्लू बाहेर पडले, एवढेच निमित्त. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत राहणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. कधी पिल्लू तासाभराने अंग झटकीत परत येते, कधी दोन दिवसांनी भेदरलेले सापडते आणि कधी ते येतच नाही.

'मांजराला काय शिकवायचे? ते आपले आपण घर शोधते,' असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. पोत्यात घालून दूर सोडलेले मांजर आठवड्याने परसदारी हजर झाल्याच्या कथा जुन्या वाड्यांतून अनेकांनी ऐकल्या असतील. या समजाला काही आधारही आहे. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पिल्लांपासून काही मैल दूर नेऊन सोडलेली मांजरी त्यांच्याकडे परतली होती. मात्र ती पूर्ण वाढलेली, आपला परिसर अनुभवाने जाणणारी मांजरी होती. दिवाणखान्याबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या पिल्लाजवळ असा कोणताही नकाशा नसतो. तो त्याच्या मनात तयार होईपर्यंत पालकांनी धीर धरणे, हेच या साऱ्या शिक्षणाचे सूत्र आहे.

बाहेर सोडावे का?

पहिला प्रश्न हाच. तळमजल्यावरचे घर, शांत गल्ली, बंगल्याचे किंवा वाड्याचे आवार असेल, तर मांजराला बाहेरची मोकळीक देता येते. घर पाचव्या मजल्यावर असेल आणि फाटकासमोर चौपदरी रस्ता असेल, तर त्याला घरातच ठेवणे शहाणपणाचे. अशा घरात बाल्कनीला आणि खिडक्यांना भक्कम जाळी लावून ऊन, वारा आणि पक्ष्यांचे दर्शन घडविता येते. उंच फळ्या, खेळ आणि सोबत मिळाली, तर घरातले मांजर सुखाने जगते.

'मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवर उतरते' या भरवशावर जाळी लावण्याची टाळाटाळ करू नये. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडून रुग्णालयात आणल्या गेलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ९० टक्के मांजरे वाचली खरी, पण अनेकांच्या छातीला, जबड्याला आणि पायांना जबर दुखापती झाल्या होत्या. जी जागीच दगावली, ती या हिशेबात आलीच नाहीत.

आधी घर कळू द्या

मांजराच्या लेखी घर म्हणजे प्रथमतः गंध. दाराच्या कडेला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला ते गाल घासते, तेव्हा गालांतील ग्रंथींचा स्राव तेथे लागतो आणि 'ही जागा माझी' अशी खूण उमटते. नव्याने आणलेल्या पिल्लाला या खुणा उमटविण्यास अवधी लागतो. म्हणून निदान तीन-चार आठवडे त्याला घराबाहेर नेऊच नये. या काळात त्याचे खाणे, झोपणे आणि वाळूचे भांडे यांच्या जागा शक्यतो बदलू नयेत. ज्या दाराने पुढे त्याला ये-जा करायची आहे, त्याच दाराजवळ जेवणाची वाटी ठेवावी. दाराच्या आतल्या बाजूशी त्याची ओळख पक्की झाली, की बाहेरून तेच दार ओळखणे सोपे जाते.

हाकेला ओ

घरात राहूनच शिकविण्याचा दुसरा धडा हाकेचा. मांजराला आपले नाव कळते, हे जपानमधील संशोधक आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. प्रश्न उरतो तो नाव ऐकून येण्याचा. येण्यात काही लाभ आहे, अशी मांजराची खात्री पटली पाहिजे.

त्यासाठी एक ठराविक हाक आणि एक ठराविक आवाज निवडावा. वाटीवर चमचा वाजविणे किंवा खाऊचा डबा खडखडविणे पुरेसे आहे. घरातील सर्वांनी तोच आवाज वापरावा. आवाज केला आणि पिल्लू आले, की उकडलेल्या कोंबडीचा किंवा मासळीचा बोटाच्या पेराएवढा, बिनकाट्याचा, बिनमिठाचा तुकडा लगेच द्यावा. दुधाची बशी टाळलेली बरी, कारण अनेक मांजरांना वाढत्या वयात दूध पचत नाही. प्रथम त्याच खोलीतून, मग शेजारच्या खोलीतून, मग ते खेळात रमले असताना, अशी पायरीपायरीने सवय लावावी. दहापैकी दहा वेळा पिल्लू धावत येऊ लागले, की हा धडा पुरा झाला असे समजावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. औषध पाजण्यासाठी, अंघोळीसाठी किंवा रागावण्यासाठी ती हाक कधीही वापरू नये. एकदा फसविले गेलेले पिल्लू दुसऱ्यांदा चार पावले दूरच थांबते. बाहेर ही चार पावलेच महाग पडतात.

लस, शस्त्रक्रिया आणि ओळख

बाहेर जाण्यापूर्वी पशुवैद्यकांकडील कामे पूर्ण व्हायला हवीत. पॅनल्यूकोपेनिया हा पिल्लांना झपाट्याने गाठणारा विषाणूजन्य आजार आणि श्वसनमार्गाला बाधणारे हर्पिस व कॅलिसी हे विषाणू यांच्यावरील लसीकरण ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते. मात्रा दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. आपल्या देशात ती टाळणे म्हणजे घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालणे होय. रस्त्यावरील मांजर वा कुत्रे चावले, तर माणसाने जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

निर्बीजीकरणाचा प्रश्न अनेक पालक 'अजून लहान आहे' म्हणून लांबणीवर टाकतात. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते. बोका वयात आला, की माजावर आलेल्या मांजरीच्या शोधात दूरवर भटकतो, इतर बोक्यांशी झुंजतो आणि चाव्यांतून आजार घेऊन येतो. शस्त्रक्रियेने हे भटकणे पुष्कळ कमी होते. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास ती करून घ्यावी आणि जखम भरल्यानंतरच, साधारण दोन आठवड्यांनी, बाहेरचा विचार करावा.

ओळखीसाठी त्वचेखाली बसविली जाणारी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप उपयोगी पडते. तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. चिपवरून मांजराचा ठावठिकाणा मात्र कळत नाही. कोणी त्याला दवाखान्यात नेऊन यंत्राने तपासले, तरच क्रमांक वाचता येतो. म्हणून दूरध्वनी क्रमांक लिहिलेला गळपट्टाही असावा. तो ताण पडताच आपोआप सुटणारा हवा. साध्या पट्ट्यात मांजराचा पुढचा पाय अडकतो किंवा पट्टा फांदीला, तारेला गुंतून गळफास बसतो. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांचीही नोंदणी बंधनकारक केली, हे तेथील पालकांनी ध्यानात ठेवावे.

पहिले पाऊल

पहिल्या फेरीसाठी कोरडा, शांत दिवस आणि सकाळची वेळ निवडावी. आवारात क्रिकेटचा डाव रंगला असेल किंवा रंगकाम चालू असेल, तर तो दिवस सोडून द्यावा. पिल्लू उपाशीपोटी असावे. न्याहारी परतल्यावर मिळणार आहे, हेच त्याच्या परतण्याचे मुख्य कारण असते.

पिल्लाला उचलून अंगणाच्या मध्यभागी नेऊन ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. तसे केल्यास आल्या वाटेचा गंध त्याला मिळत नाही. दार उघडे ठेवून आपण पायरीवर बसावे आणि त्याला स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडू द्यावा. ते दहा वेळा डोकावेल, पाठ फिरवून आत पळेल, पुन्हा येईल. पळून येण्यासाठी मागचे दार उघडे आहे, हे त्याला कळणे महत्त्वाचे. दहा-पंधरा मिनिटे झाली, की ते रमण्याच्या किंवा घाबरण्याच्या आतच हाक द्यावी, आत आल्यावर वाटी भरावी आणि दार लावावे. आठवडाभर रोज असेच करावे. मग वेळ अर्ध्या तासावर न्यावी, आपण पायरीवरून उठून घरात यावे आणि अखेरीस त्याला एकटे सोडावे. सारा क्रम पुरा होण्यास तीन-चार आठवडे लागतात.

इमारतीत राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. सर्व मजले पिल्लाला सारखेच दिसतात आणि तिसऱ्या मजल्यावरचे पिल्लू दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दारापाशी केविलवाणे ओरडत बसते. अशा वेळी अंगाला बसणारा पट्टा आणि दोरी लावून त्याला जिन्यानेच खाली-वर न्यावे, लिफ्टने नव्हे. ज्यावर ते झोपते, ते पायपुसणे आपल्या दाराबाहेर टाकावे.

परतीची वाट मोकळी हवी

मांजर परतले, पण दार बंद होते, अशी वेळ येऊ नये. खिडकीचा एक गज किंवा जाळीचा कोपरा त्याच्या येण्याजोगा ठेवता येतो. परदेशांत दारातच छोटी झडप बसवितात, तशी आता आपल्याकडेही मिळते. ती प्रथम उघडी बांधून ठेवावी आणि पिल्लू सरावल्यावर मोकळी सोडावी.

मांजर संधिप्रकाशात, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला, अधिक चपळ असते. नेमक्या त्याच सुमारास रस्त्यावरची वाहनेही वाढतात. म्हणून संध्याकाळचे जेवण अंधार पडण्यापूर्वी ठरल्या वेळी द्यावे आणि रात्री मांजराला आतच ठेवावे. दिवाळीत फटाके सुरू होण्याच्या आधीपासूनच दार बंद असावे. फटाक्याने दचकलेले मांजर दिशा न पाहता धावत सुटते.

पावसाळ्यात आणि थंडीत मांजरे उबेसाठी गाडीच्या इंजिनाजवळ शिरतात. गाडी चालू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची विनंती शेजाऱ्यांना अवश्य करावी. पाण्याच्या टाक्यांची झाकणे बंद आहेत ना आणि आवारात उंदरांचे विष टाकले आहे का, याची चौकशी करावी. बाहेर जाणाऱ्या मांजराला पिसवा होतातच. त्यावर कुत्र्यांसाठीचे औषध मात्र लावू नये, त्यातील परमेथ्रिन मांजराला घातक ठरते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न म्हणीपुरता ठीक. पट्ट्याला घुंगरू बांधल्यास आवारातील बुलबुल आणि चिमण्यांना तेवढीच सावध होण्याची संधी मिळते.

परतले नाही तर...

सहा देशांतील नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक मांजरे घरापासून शंभर मीटरच्या परिसरातच वावरतात, असे त्यात आढळले. हरवलेल्या मांजरांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतही, सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरे पाचशे मीटरच्या आतच मिळाली होती. शोध घरापासून सुरू करावा, तो याचसाठी.

प्रस्तुत प्रतिनिधीने हा धडा अनुभवाने घेतला आहे. घरी पाहुणे आले असताना दार उघडे राहिले आणि पिल्लू नाहीसे झाले. दोन दिवस आम्ही पलीकडच्या चौकापर्यंत धुंडाळले. ते सापडले शेजारच्याच इमारतीतील विजेच्या मीटरच्या खोलीत, आमच्या दारापासून तीस पावलांवर. आम्ही त्या खोलीवरून अनेकदा हाका मारीत गेलो होतो, पण त्याने 'म्यांव' म्हणून केले नव्हते. भ्यालेले मांजर ओळखीच्या आवाजालाही उत्तर देत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

म्हणून नुसत्या हाकांवर विसंबू नये. जिन्याखाली, मीटरच्या खोल्यांत, बंद दुकानांत, गच्चीवर प्रत्यक्ष पाहावे. रात्री वर्दळ थांबल्यावर विजेरी घेऊन फिरावे, अंधारात डोळे चमकतात. दिसल्यास मागे धावू नये. जमिनीवर बसून वाटी वाजवावी आणि थांबावे. छायाचित्र सुरक्षारक्षकांना, कचरा उचलणाऱ्यांना आणि परिसरातील पशुवैद्यकांना द्यावे. आठवडा उलटला म्हणून आशा सोडू नये.

घर बदलताना

'कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर घराला,' असे म्हणतात. घर बदलल्यावर मांजर जुन्या पत्त्यावर जाऊन बसते, ते याचमुळे. नव्या घरातही तीन-चार आठवडे त्याला आत ठेवून सारा क्रम पहिल्यापासून गिरवावा लागतो. जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला, की रहिवासी भाड्याच्या घरांत जातात आणि मांजर मागे राहते, ही आज आपल्या शहरांतील नित्याची गोष्ट झाली आहे. 'ते इथलेच, त्याचे ते पाहील,' असे म्हणून कुटुंब निघते. पाडकामानंतर त्याच्या ओळखीचा ना दरवाजा उरतो, ना गंध. पाळलेल्या प्राण्याला उपाशी-तहानलेले पडावे लागेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

मांजर परत येते ते घराच्या भिंतींपेक्षा दारामागे कोणी तरी वाट पाहत असल्याच्या खात्रीवर. ही खात्री एका दिवसात निर्माण होत नाही. ती वाटीच्या आवाजातून, ठरल्या वेळेच्या घासातून आणि कधीही न फसविणाऱ्या हाकेतून हळूहळू तयार होते. तेवढी तयारी झाली, की मगच दाराची कडी काढावी.