महिषासुराकडे कोणाच्या बाजूने पाहायचे?

महिषासुर दिसला की ‘सुष्टांचा दुष्टांवर विजय’ एवढे म्हणून मोकळे होण्याची येथील कलासमीक्षेला खोड आहे. तय्यब मेहता (1925–2009) यांच्या महिषासुर-चित्रांचेही तेच झाले. 2005 साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांतले एक 15 लाखांहून अधिक डॉलरला गेले, तेव्हा तर चर्चा फक्त किमतीची झाली.

आकृती मोडून यातना मांडणारा अभिव्यक्तिवाद मुंबईत रुजवण्यात हिटलरशाहीमुळे परागंदा झालेल्या लँगहॅमर, लायडन, श्लेसिंगर या मंडळींचा वाटा होता. मेहतांनी 1947 च्या दंगलीत जमावाने माणूस मारलेला डोळ्यांनी पाहिला. त्यांच्या चित्रांत बांधलेला बैल आधी आला; 1970 च्या ‘कूडल’ लघुपटासाठी त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केले. महिषासुर आला तो पुढे, शांतिनिकेतनातील वास्तव्यानंतर. म्हणजे हा असुर पोथीतून आलेला नाही, कत्तलखान्यातून आला आहे. वेरूळच्या शिल्पात आपली नजर देवीच्या बाजूला उभी केली जाते. मेहतांच्या चित्रात देवी नि महिष यांचे अवयव असे गुंततात की मारणारा कोण, मरणारा कोण, हे चटकन उमगत नाही.

जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त असुरकथा उलटून वाचल्या. कोसंबींनी म्हसोबा आणि महिषासुर यांचा सांधा दाखवला: एके ठिकाणी देवी ज्याला चिरडते, तोच दुसरीकडे तिचा नवरा असतो! मेहतांना यामुळे आपल्या चळवळीचे चित्रकार ठरवण्याचे कारण नाही. तशी त्यांची भूमिका नव्हती. पण चित्र वाचण्याचा हक्क आपला आहे.

कारण रेडा आपल्याला केवळ प्रतीक म्हणून ठाऊक नाही. अनेक गावांत दसऱ्याचा, लक्ष्मीआईचा रेडा ओढून नेण्याचे, कापण्याचे काम महार-मांगांच्या माथी असे. माझ्या आजोबांनी ते केले आहे. पुण्य गावाचे, रक्ताचे हात आमचे, आणि विटाळही आमचाच. वर्गात हे चित्र दाखवले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, रेडा धरणारा यात कुठे आहे?” तो मेहतांच्या चित्रात नाही, वेरूळलाही नाही.

मी राहतो त्या रोडपालीत सिडकोच्या इमारतींत घाटावरून, मराठवाड्यातून आलेली आपली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांना मी यंदा एक काम दिले आहे. घरच्या म्हाताऱ्यांना विचारा: रेडा कोण ओढीत असे, वाटा कुणाला मिळे, आणि हे काम आपल्या माणसांनी कोणत्या साली, कुणाच्या सांगण्यावरून सोडले. आतापर्यंत अकरा वह्या आल्या आहेत.