सिनेमा आणि आपण बायका

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोणच्याचे प्रमाण विचारले असते तर एका दमात सांगितले असते. लेख लिहिणे हे आपले काम नव्हे. पण त्या म्हणाल्या, "दर शनिवारी सिनेमा संपल्यावर तासभर जे बोलता ना, तेच कागदावर उतरवा." तेव्हा भगिनींनो, हे त्या बोलण्याचेच लिखाण आहे. चुकेल तिथे सांभाळून घ्यावे.

आपल्या शनिवारांची सुरुवात कशी झाली हे सर्वांना आठवतच असेल. २०२३ च्या जुलैत 'बाईपण भारी देवा' लागला आणि गावोगावची महिला मंडळे जथ्याने थिएटरात गेली, तशा आपणही दोन जीप करून तालुक्याला गेलो. सहा बहिणींची ती गोष्ट. बहिणीबहिणींतल्या बारीकसारीक खोचा त्यात फार खऱ्या दाखवल्या आहेत. शेवटी सगळे जरा जास्तच गोड झाले असे माझे मत मी जीपमध्येच सांगितले आणि बोलणीही खाल्ली. त्या वादातूनच ठरले की, महिन्यातून दोन शनिवार मंडळाच्या खोलीत जुने सिनेमे पाहायचे. चिटणीसबाईंच्या मुलाने भिंतीवर चित्र पाडायचे यंत्र आणून दिले. पांढरी चादर माझ्या घरची.

पहिला पाहिला तो 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', परेश मोकाशी यांनी २००९ साली काढलेला. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा कसा केला त्याची ही हकिकत. सगळ्या जणी फाळक्यांच्या खटपटी पाहून हसत होत्या; माझे लक्ष मात्र सरस्वतीबाईंकडे. ख्रिस्ताच्या चरित्राचा विलायती चित्रपट पाहून फाळक्यांच्या डोक्यात हे वेड शिरले, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तोच पाहायला गेले ते बायकोला बरोबर घेऊन. पुढे घरातले दागिने गेले, विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ साली फाळके लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेऊन आले. त्या वेळी कोरी फिल्म बिनभोकांची येई, आणि भोके नसली तर ती कॅमेऱ्यात सरकणारच नाही. उजेड लागला तर वाया जाई, म्हणून हे काम अंधारात बसून करायचे. ते सरस्वतीबाई करीत. शिवाय दादरच्या त्या घरी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि चित्रीकरणाच्या वेळी उजेड हवा तिथे पडावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे. आपण इतिहासात वाचतो की फाळके हे भारतीय चित्रपटाचे जनक. मग जननी कोण, हे विचारायचे शाळेत कुणाला सुचले नाही.

आणि एवढे करून त्या चित्रपटात बाई एकही नाही. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे एका खाणावळीत काम करणारा पुरुष. तारामतीच्या दासीही पुरुषच. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या! त्यांनी स्वतःचेच हरण करवले असते तरी लोकांनी हात जोडले असते. कुलीन घरची बाई तर सोडाच, जिला समाजाने आधीच वाळीत टाकले होते तीही कॅमेऱ्यापुढे यायला तयार नव्हती.

मात्र त्याच १९१३ साली फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' तयार केला आणि त्यात दोन बायका आल्या : दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरी लहान मूल, पोटासाठी नाटक कंपनीत शिरलेल्या. लोक काय काय बोलले असतील त्याची कल्पना आपल्याला करता येते. आपल्या गल्लीतही अशा बाईबद्दल काय बोलतात ते आपण ऐकतोच. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले झाली. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, तेव्हा ध्यानात ठेवावे.

१९३२ साली कोल्हापूरच्या प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. गोष्ट हरिश्चंद्राचीच. त्यात तारामतीचे काम दुर्गा खोटे यांनी केले. शिकलेल्या, सुखवस्तू घरच्या बाई. म्हणजे तारामतीची साडी पुरुषाच्या अंगावरून बाईच्या अंगावर यायला एकोणीस वर्षे लागली. हा चित्रपट आपण अर्धाच पाहिला; वीज गेली आणि पुढे राहिला तो राहिलाच.

'संत तुकाराम' मात्र आपण दोनदा पाहिला. १९३६ सालचा, दामले आणि फत्तेलाल यांचा. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस, आणि जिजाईच्या कामाला गौरी. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही या चित्रपटाची वाखाणणी झाली. हा सिनेमा माझ्या आजीने पाहिला होता. जत्रेत तंबू आला होता तेव्हा. आजोबा सिनेमाला जाऊ देत नसत, पण देवाचा म्हणून याला परवानगी मिळाली. लहानपणी मी तिला विचारले होते, की तुला त्यातले काय आवडले? मला वाटले विमान सांगेल. ती म्हणाली, "जिजाईनं पायातली वहाण काढून विठोबाला धाक घातला, ते."

आपल्या खोलीत या प्रसंगाला सगळ्या खळखळून हसल्या. हसण्यासारखाच आहे तो. पोर तापाने फणफणलेले, घरात दाणा नाही, नवरा भजनात. मग ती बाई तरातरा देवळात जाते आणि देवाला जाब विचारते. कजाग म्हणून जिजाई बदनाम झाली, पण चूल तिच्याकडे होती आणि म्हशीचे शेणही तीच काढत होती. दामले-फत्तेलालांनी तिची बाजू झाकली नाही, हे मला त्या चित्रपटाचे मोठेपण वाटते. पहिल्यांदा मीही हसले. दुसऱ्यांदा आजी आठवली आणि हसू आले नाही.

आता 'कुंकू'. खरे म्हणजे मला याच्याबद्दलच लिहायचे होते. बाकीचे ओघाने आले.

'कुंकू' १९३७ चा, व्ही. शांताराम यांचा. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेला. पोरकी नीरा मामाच्या घरी वाढते. मामा पैशाच्या लोभाने फसवून तिचे लग्न म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लावतो. आणि ही पोरगी लग्न लागल्यावर म्हणते, की मला हे लग्न मान्य नाही. ती कपाळाला कुंकू लावते, पण नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. नीरेचे काम शांता आपटे यांनी केले आहे आणि काकासाहेबांचे केशवराव दाते यांनी. मध्ये कुठेही उगीच वाजणारे संगीत नाही. भांड्यांचे, दाराचे, आणि त्या जुन्या घड्याळाचे आवाज तेवढे ऐकू येतात. काकासाहेब मिशांना कलप लावतात तो प्रसंग पाहताना हसावे की रडावे ते कळत नाही. काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी झाल्या आहेत शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांच्या कन्या. त्यांनी पुढे खरोखरीच संततिनियमनाच्या प्रचारात आयुष्य घातले आणि त्या राज्यसभेतही गेल्या.

शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते स्वतःच्या हाताने नीरेचे कुंकू पुसतात आणि तिने दुसरे लग्न करावे असे लिहून ठेवून जीव देतात.

चित्र संपले, दिवा लागला, आणि आपल्यातल्या एका नव्या सूनबाईंनी विचारले, "पण ती सोडून का गेली नाही? आणि त्या म्हाताऱ्याला मारायची काय गरज होती?" कुणी म्हणाले, जुना सिनेमा आहे, असाच शेवट करायचे. मला ते पटले नाही. घरी आल्यावर मुलीला मोबाइलवर कायद्यांची सालेबिले शोधायला लावली. जे कळले ते असे. विधवेला पुन्हा लग्न करायची मुभा १८५६ च्या कायद्याने दिली होती. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता हक्क देणारा कायदा 'कुंकू' आला त्याच १९३७ साली झाला. पण नवरा जिवंत असताना त्याच्यापासून सुटका? मुंबई इलाख्यात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ साली, आणि साऱ्या देशाला १९५५ साली. ज्या समाजांत काडीमोड आणि पाट होता त्यांची गोष्ट वेगळी. काकासाहेबांसारख्या घरात तो नव्हता. म्हणजे नीरेला मोकळे करायचे तर गोष्ट लिहिणाऱ्यापुढे मार्ग एकच उरत होता : नवऱ्याने मरणे. कायदे होते ते सगळे विधवेसाठी होते. सूनबाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या शनिवारी देता आले नाही, म्हणून इथे देते.

माझी आजी १९४६ साली चौदा वर्षांची असताना बेचाळीस वर्षांच्या बिजवराला दिली. कायद्याला तेव्हा चौदा वर्षे पुरत होती. तिला कुणी फसवले नव्हते. घरात चार बहिणी होत्या आणि हुंडा मागितला नाही एवढेच त्या स्थळाचे मोठेपण. १९६१ साली आजोबा गेले. तिचे कुंकू बायकांनी पुसले तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. त्यानंतर त्रेचाळीस वर्षे ती मोकळ्या कपाळाने राहिली. पुन्हा लग्नाचा कायदा होता, पण तो घरात कुणी वाचला नव्हता. तिने 'कुंकू' पाहिला नाही. तालुक्याला तो पुन्हा लागला होता तेव्हा आजोबांनी नाव ऐकूनच नाही म्हटले, असे ती सांगे. नाव चांगले आहे, मग नाही का, हे तिला तेव्हा कळले नव्हते. त्या शनिवारी चादरीवर तो हात नीरेच्या कपाळाकडे गेला आणि मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतले. कुणी विचारले तर डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितले होते.

शांता आपटे नुसती पडद्यावर नीरा नव्हती. १९३९ साली कराराच्या तंट्यावरून तिने पुण्याला प्रभातच्याच दारात उपोषण केले, आणि १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' नावाचे पुस्तक लिहिले. हे मला फार आवडले. जिजाईने देवाला जाब विचारला, हिने मालकांना.

यानंतरच्या शनिवारी आपण लावला 'माहेरची साडी', आणि तिथे माझे सगळ्यांशी भांडण झाले. १९९१ सालचा, विजय कोंडके यांचा. अलका कुबल लक्ष्मी झालेल्या. हा मी लहानपणी आईबरोबर पाहिला होता. आख्खे थिएटर रडत होते, आईचा पदर पिळावा इतका भिजला होता आणि मीही हुंदके दिले होते. या वेळी डोळे कोरडे राहिले. लक्ष्मीचा बाप तिला अपशकुनी ठरवून दूर ठेवतो, सासरी छळ होतो, आणि ती सोसत राहते. १९३७ ची नीरा 'नाही' म्हणाली, तेव्हा तिच्या बाजूने कायदा नव्हता. लक्ष्मीच्या वेळी घटस्फोटाचा कायदा होता, छळाविरुद्ध १९८३ सालापासून ४९८-अ कलमही होते. तरी लक्ष्मीने सोसले आणि आपण तिला डोक्यावर घेतले. चोपन्न वर्षांत आपण पुढे गेलो की मागे, असे मी जरा मोठ्याने म्हणाले.

तेव्हा कोपऱ्यावरच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "तू नीरेचं कौतुक सांगतेस. पण त्या काळी आमच्या घरात नीरा कुणी नव्हती गं. लक्ष्म्या मात्र होत्या. आम्ही रडलो ते लक्ष्मीसाठी नव्हे. आमच्यासाठी रडायला दुसरी जागा कुठं होती? घरात रडलं तर विचारत, काय कमी आहे तुला?"

यावर मला काही बोलता आले नाही. आईचा तो पिळून काढण्यासारखा पदर आठवला. तिला कशाचे रडू येत होते ते मी कधी विचारले नाही, अजून विचारलेले नाही. तरीही सिनेमा म्हणून 'कुंकू' सरस, हे माझे मत मी सोडणार नाही. काकूंनाही ते ठाऊक आहे.

हो, ते नाव राहिलेच. लक्ष्मीच्या कठोर बापाचे काम विक्रम गोखले यांनी केले आहे. दुर्गाबाईंचे पणतू, कमलाबाईंचे नातू. ज्या बाईने नवऱ्याचे घर सोडले आणि पहिल्यांदा पडद्यावर पाऊल टाकले, तिच्याच घरातला हा बाप. काकूंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "मग त्यानं बरोबरच केलं काम. त्याला ठाऊक असणार."

पुढच्या शनिवारी 'श्यामची आई' आहे, अत्र्यांचा, १९५३ चा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळालेला. वनमालाबाई आईच्या कामात आहेत. वेळ दुपारी तीनची. सतरंज्या दोन कमी पडतात, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणाव्यात. आईला मी बोलावले आहे, ती येते म्हणाली आहे.