गर्भावस्था, स्तनपान आणि योग्य ब्रा

गर्भधारणेनंतर संप्रेरकांमुळे पहिल्या तिमाहीपासूनच स्तनांचा आकार वाढू लागतो आणि ते हळवे होतात. पुढे छातीचा घेरही रुंदावतो. तरीही अनेक स्त्रिया जुनीच घट्ट ब्रा वापरत राहतात. स्तनपानाच्या काळात एकाच जागी सतत दाब पडल्यास दूध साचून गाठ होऊ शकते व स्तनदाहाचा धोका वाढतो.

खरेदीपूर्वी स्तनांवरील आणि स्तनांखालील घेर नव्याने मोजावा. सुती कापडाची, खांद्यावर रुंद पट्टे असलेली आणि शक्यतो तार नसलेली ब्रा निवडावी. हूक अडकवण्याच्या तीन-चार जागा असल्यास घेर वाढेल तशी ती सैल करता येते. पट्टीखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत.

स्तनपानासाठीची ब्रा ३६व्या आठवड्याच्या सुमारास घ्यावी. दूध उतरल्यावर स्तन आणखी भरतात, म्हणून कपात थोडी जागा राखावी. पुढची झडप एका हाताने उघडता यावी, कारण दुसऱ्या हातात बाळ असते. ओले पॅड वरचेवर बदलावेत.

स्तन लाल होऊन दुखू लागल्यास किंवा ताप आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. मात्र स्वतःहून स्तनपान थांबवू नये.