जंगल बुक, द (१९६७)

वॉल्ट डिस्ने स्टुडिओचा अ‍ॅनिमेशन संगीतपट. रुडयार्ड किपलिंगच्या याच नावाच्या पुस्तकातील (१८९४), लांडग्यांनी वाढवलेल्या मोगली या मुलाच्या कथांवर आधारित. दिग्दर्शक वोल्फगँग रायटरमन. लांबी ७८ मिनिटे. अमेरिकेत प्रदर्शन १८ ऑक्टोबर १९६७. डिस्नेंनी जातीने लक्ष घातलेला हा अखेरचा अ‍ॅनिमेशनपट. तो पडद्यावर येण्याआधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, त्यांचे निधन झाले.

मूळ कथा घडतात नागपूरच्या उत्तरेला, सिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या खोऱ्यात. त्या काळी सिवनी जिल्हा मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. किपलिंगचा जन्म मुंबईचा, पण या कथा त्याने अमेरिकेत व्हरमाँटला राहून लिहिल्या. सातपुड्याच्या रानाचे बरेचसे तपशील त्याला आर. ए. स्टर्नडेल यांच्या १८७७ च्या पुस्तकातून मिळाले. याच रानातून वाहत येणारी पेंच नदी आज नागपूरकरांची तहान भागवते.

बिल पीट यांनी आधी लिहिलेली पटकथा मूळ पुस्तकासारखीच गंभीर होती. डिस्नेंना ती मानवली नाही आणि पीट बाहेर पडले. टेरी गिल्किसन यांच्या गाण्यांपैकी ‘द बेअर नेसेसिटीज’ एवढे एकच टिकले. त्यालाच पुढे ऑस्करचे नामांकन मिळाले. उरलेली गाणी रिचर्ड व रॉबर्ट शर्मन या बंधूंची. चित्रपटाचे खरे बळ या गाण्यांतच आहे. जंगलाचा कायदा घोकून घेणारा पुस्तकातला करडा गुरू, बल्लू अस्वल, इथे गात-डुलत येतो आणि मुलांना आपलासा वाटतो.

या बदलाची किंमत मात्र कथांच्या मूळ भूमीने मोजली. वानरांचा राजा लुई पुस्तकात नाहीच. शिवाय तो ओरांगउटान, म्हणजे सुमात्रा-बोर्निओचा प्राणी. मोगलीला वानरांच्या तावडीतून सोडवणारा अजगर ‘का’ इथे त्यालाच गिळायला टपलेला. पुस्तकातला मोगली गावच्या म्हशी घळीत दुतर्फा हाकून शेरखान वाघाला तुडवून मारतो. गुराखी पोराने आखलेला हा डाव विदर्भातल्या वाचकाला लगेच पटावा असा. चित्रपटात शेरखान शेपटीला बांधलेल्या जळत्या फांदीला भिऊन नुसता पळून जातो.

मराठी घरांतल्या एका पिढीला मोगली भेटला तो या चित्रपटातून नव्हे, तर दूरदर्शनवर १९९३ मध्ये हिंदीत आलेल्या जपानी मालिकेतून. तिचे शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. डिस्नेने २०१६ मध्ये हीच कथा नव्याने पडद्यावर आणली, तेव्हा हिंदी आवृत्तीत शेरखानाला पुन्हा पाटेकरांनीच आवाज दिला.