देवघरातली बंदूक

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा होते, पण पाटावर असतात विळी, हातोडी आणि पक्कड! कर्नाटकातल्या कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये, कोडव लोक सप्टेंबरातल्या कैलपोळ्द सणाला खरीखुरी बंदूक पुजतात, नळीत कळलावीचं फूल खोवून. मुलगा जन्मला की हवेत एक बार, घरातलं कुणी गेलं की दोन.

१८७८च्या कायद्याने इंग्रजांनी बाकी देशाला निःशस्त्र केलं, कोडवांना मात्र सूट दिली. स्वतंत्र भारतानेही ती ठेवली. २०१९ साली २०२९पर्यंत वाढवली.

मला राहून राहून वाटतं, सूट साहेबाने दिली खरी, पण माया घरचीच. आजोबांना जिने निरोप दिला, ती बंदूक कोण विकेल हो?